कार नाहीये? मग?

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस सगळे एकच प्रश्न विचारतात. ‘मग, कशी वाटली अमेरिका?’ विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं नसतं, त्याला चॉकलेटं हवी असतात. त्यामुळे ‘मस्त!’ म्हणायचं आणि डबा पुढे करायचा, हा माझा फंडा. आमच्या घरातला प्रश्न मात्र वेगळा होता. बॅगा खाली ठेवायच्या आत आईने विचारलं, ‘ताई कशी आहे?’

आता गंमत अशी की या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत पार गुंतून बसलीयेत. एकाचं सांगायला जावं तर दुसऱ्याचं आधी सांगावं लागतं.

तर २०२५ च्या मे महिन्यात मी २४ दिवस अमेरिकेत होते. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि शेवटी ताईचं ह्यूस्टन. फ्रीलान्सरचं बजेट म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. कॉलेजच्या मैत्रिणींचे सोफे, हॉस्टेलचे बंकबेड, आणि तिकिटासाठी मोडलेली एक बिचारी एफडी. लायसन्स माझ्याकडे आहे, पण स्कूटीचं. डोंबिवलीतल्या खड्ड्यांतून स्कूटी चालवते म्हणून कोणी मला अमेरिकेत गाडी देणार नव्हतं, आणि मी घेणारही नव्हते. तिकडे पोचल्यावर जो तो हेच विचारायचा. ‘कार नाहीये? मग?’

त्या ‘मग?’ला प्रत्येक शहराने वेगळं उत्तर दिलं. कुठलं शहर आवडलं, कुठलं डोक्यात गेलं, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला मैत्रिणीकडे उतरले होते. डोक्यावरून ७ नंबरची सबवे धडधडत जाते (नाव सबवे, पण इथे धावते पुलावरून!), खाली साड्यांची, सोन्याची, मोमोंची दुकानं, आणि फुटपाथवर इतकी गर्दी की खांदा लागल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मला तर घरीच आल्यासारखं वाटलं. बँकेचं कार्ड मशीनला टेकवायचं की आत. रात्री दोन वाजता गाडी आहे का, हे विचारायचंच नाही, कारण ती असतेच. १९०४ साली सुरू झालेली ही सबवे आज ४७२ स्टेशनांवर जाते आणि चोवीस तास चालते. आपली शेवटची कर्जत चुकली की काय होतं ते ज्याला माहितीये, त्यालाच या चोवीस तासांची किंमत कळेल.

प्लॅटफॉर्म मात्र भयंकर. मे महिन्यातच घामाच्या धारा. अनेक स्टेशनांवर लिफ्ट नाही, त्यामुळे २३ किलोची बॅग मी जिन्यावरून चढवली, आणि दर वेळी अर्ध्या जिन्यावर कोणीतरी काही न बोलता बॅगेचं दुसरं टोक उचललं. वर नेऊन ठेवली आणि गेला. ‘थँक यू’ म्हणायलाही थांबला नाही. न्यूयॉर्कर उद्धट असतात म्हणे. असतील. आपल्याकडे गर्दीच्या डब्यात चढताना आतून हात देणाऱ्या बायकाही काही गोड बोलत नाहीत.

मॅनहॅटनमध्ये मी दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर चालले असेन. १८११ मध्ये आखलेली ती सरळ उभी-आडवी रेघांची वही आहे. नंबर मोजत जायचं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. स्टेटन आयलंडची केशरी फेरीबोट तर चकटफू आहे. पंचवीसेक मिनिटं समुद्रवारा, लांबून लिबर्टीचा पुतळा, आणि बोटीत ऑफिसहून घरी निघालेली कंटाळलेली माणसं. पुतळ्यापेक्षा मला तीच जास्त आवडली. रेलिंगला टेकून एक माणूस तीन मिनिटांत डुलक्या काढायला लागला. एकदम ठाणे-कल्याण.

आणि हो, रस्ता हवा तिथून ओलांडणं इथे आता गुन्हा नाही. २०२४ मध्ये शहराने तसा कायदाच केला. मुंबईकराला आणखी काय हवं?

नावडलेलं? कचरा. संध्याकाळी फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे डोंगर. छोट्या इमारतींना २०२४ पासून झाकणाचे डबे सक्तीचे झालेत, तरी मोठ्या इमारतींसमोर पिशव्या होत्याच, आणि त्यामागून एक उंदीर माझ्याकडे बघत होता. दुसरं म्हणजे टॉयलेट. एवढ्या बलाढ्य शहरात एका बाईला जायला जागा मिळू नये? कॉफी विकत घ्या, मग पावतीवरचा कोड मिळतो. ती कॉफी प्यायली की तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. यालाच बहुधा बिझनेस मॉडेल म्हणतात.

कॉफीवरून आठवलं. पाटीवरची किंमत खरी नसते. न्यूयॉर्कमध्ये तिच्यावर ८.८७५ टक्के टॅक्स, शिकागोत त्याहूनही जास्त, आणि मग तो टॅबलेट तुमच्याकडे फिरतो. १८, २० की २५ टक्के? मागे रांग, समोर हसणारी मुलगी. मी आठवडाभर मनातल्या मनात चिडत होते. मग मैत्रिणीने सांगितलं की टिप मिळणाऱ्या कामगारांचा केंद्रीय किमान पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलाय. न्यूयॉर्कसारखी राज्यं जास्त देतात, पण टेक्सास अजून तिथेच आहे. त्यानंतर वेटरवर चिडणं बंद केलं. मालकावर चालू ठेवलं.

एक छोटीशी गंमत. मॅनहॅटनमध्ये ‘Houston’ अशा स्पेलिंगचा रस्ता आहे, आणि त्याचा उच्चार ‘हाउस्टन’. मी ‘ह्यूस्टन स्ट्रीट कुठाय?’ विचारलं तर एक आजोबा हसून म्हणाले, ‘ते टेक्सासमध्ये.’ खरंच होतं, दोन वेगवेगळ्या माणसांची नावं आहेत ती. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण ताईपासून अजून बरेच लांब आहोत.

शिकागोने मला पहिल्या तासातच जिंकलं. एअरपोर्टच्या पोटातूनच ट्रेन निघते आणि थेट शहराच्या मध्यात सोडते. सामान घेऊन कोणाला फोन नाही, कोणाची वाट बघणं नाही. १८९७ पासून डाउनटाउनभोवती पुलावरून फिरणारी ‘एल’ इतकी खडखडते की मोबाइलवर बोलणं थांबवावं लागतं. पण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून इमारतींच्या खिडक्यांमधून बघत जाण्यात जी मजा आहे, ती दादर-परळच्या चाळींजवळून लोकलने गेलेल्यांनाच कळेल.

आणि ते तळं! मिशिगनला तळं म्हणणं म्हणजे चेष्टाच आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात. फक्त खारा वास नाही, त्यामुळे नाकाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. किनाऱ्याने १८ मैलांचा रस्ता आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी, पळणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. आपल्या मरीन ड्राइव्हच्या पाचपट तरी लांब. एवढ्या महागड्या शहराने एवढा किनारा सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, हे बघून मला थोडा मत्सरच वाटला.

कचऱ्याचं उत्तरही शिकागोकडे आहे. इमारतींच्या मागे गल्ल्या ठेवल्यात, डबे तिकडे. म्हणून पुढचे रस्ते स्वच्छ. याच शहराने १९०० मध्ये नदी उलटी वाहायला लावली, कारण तिची घाण तळ्यात जात होती आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातलं. असला उद्योग सुचायलाही हिंमत लागते. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मी चित्रांसाठी गेले होते. जिन्याशी पोचल्यावर आठवलं की ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले ते याच इमारतीत, आणि २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या जितीश कल्लातने त्या भाषणाचे शब्द याच भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिले होते. आता पायऱ्यांवर काही नव्हतं. तरी मी दोनदा चढले-उतरले. गार्डला वाटलं असेल, ही हरवलीये.

सॅन फ्रान्सिस्कोबद्दल मला नीट ठरवता येत नाही. गोल्डन गेट पूल चालत ओलांडायला पैसे पडत नाहीत, गाड्यांना पडतात. म्हणजे तिथेच शहर माझ्या बाजूने! फक्त मी गेले त्या सकाळी धुकं असं होतं की पायाखालचा पूल दिसत होता आणि समोरचा नाही. चढ तर असे की पोटऱ्यांना सिंहगड आठवला. १८७३ पासूनच्या केबलकारला लटकून गेले, बसच्या मानाने तिकीट बरंच महाग, पण दांडा धरून बाहेर झुकल्यावर डोंबिवलीची पोरगी सातव्या आसमानात. बिनड्रायव्हरची टॅक्सीही केली. स्टिअरिंग आपोआप फिरत असतं आणि आपण मागे शहाण्यासारखे बसलेले. पाच मिनिटं भन्नाट वाटतं. सहाव्या मिनिटाला कळतं की ‘गाव कुठलं तुमचं?’ असं विचारायला समोर कोणी नाहीये.

पण टेंडरलॉइन भागातून चालले आणि हादरले. फुटपाथवर झोपलेली, अर्धवट वाकून तशीच गोठून उभी राहिलेली, अनवाणी माणसं. मुंबईत फुटपाथवर राहणारी माणसं मी रोज बघते, मग इथेच काय झालं मला? रात्रभर विचार केला. आपल्याकडे फुटपाथवर स्टोव्ह असतो, पोरं असतात, भांडण असतं. गरिबी असते, पण ती संसाराची असते. तिथे मला दिसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकटा होता. आपली गरिबी बरी, असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण त्या रस्त्यावरून मी पुन्हा गेले नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

लॉस एंजेलिस? नाही आवडलं. मला माहितीये, त्यात माझीही चूक आहे. या शहरात एकेकाळी ‘रेड कार’ ट्रॅम दूरदूरच्या उपनगरांपर्यंत धावायच्या, शेवटची १९६१ मध्ये बंद झाली. आता मेट्रो पुन्हा वाढतेय, मी तिनेच फिरले. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर जिथे जायचं ते अजून तीन किलोमीटर लांब असतं. एका दुपारी चाळीस मिनिटं चालले, समोरून एकही माणूस आला नाही. हॉलिवूडच्या फुटपाथवरचे स्टार बघताना सतत खाली मान, आणि वर केली तर टी-शर्टची दुकानं. फक्त ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरीने लाज राखली. छोटी बस वर नेते, प्रवेश फुकट, आणि अंधार पडला की खाली क्षितिजापर्यंत दिव्यांचं पीठ सांडल्यासारखं दिसतं. वरून हे शहर फार सुंदर आहे. खाली उतरलं की त्रास.

आणि मग ह्यूस्टन.

इथे थोडं थांबून ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. नऊ वर्षं फोर्टमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत. डोंबिवलीहून निघणारी, पण विंडो सीट हवी म्हणून आधी उलटी कल्याणला जाऊन तीच गाडी पकडून येणारी. लेडीज डब्यातल्या हळदीकुंकवाची ती हेड. पर्समध्ये सुई-दोरा, लिमलेटच्या गोळ्या, एक जास्तीची चप्पल. आमच्या घरात बँकेची, वीजबिलाची, डॉक्टरची सगळी कामं तीच करायची. लग्नानंतर तीन वर्षांपूर्वी ह्यूस्टनला गेली, एच-फोर व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी, कामाची नाही. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना काम करता येतं, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्यापर्यंत पोचावी लागते. यांची पोचलेली नव्हती.

घर केटीच्या बाजूला, शहरापासून लांब पश्चिमेला. तीन बेडरूम, मागे हिरवळ, कोपऱ्यावर तळं, तळ्यात बदकं. फोटोत बघितलं तेव्हा आई रडली होती, आनंदाने. शहराकडे नेणारा हायवे २००८ मध्ये रुंद केला, काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून २६ लेन. ह्यूस्टन शहराचं क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या अडीचपटीहून जास्त आणि माणसं तेवीस लाख. हवा मात्र डिट्टो मुंबईची, घामट, चिकट. त्यामुळे बाहेर पडल्यावर क्षणभर वाटतं, आता रिक्षा दिसेल.

सकाळी सातच्या आधीच जिजू ऑफिसला गेले की घरात जी शांतता होते ना... फ्रिजचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी दूध संपलं. मी म्हटलं, ‘चल, घेऊन येऊ.’ ताई म्हणाली, ‘शनिवारी जाणारच आहोत.’ नकाशावर दुकान २८ मिनिटं चालत. मी हट्टाने तिला बाहेर काढलं. कॉलनीच्या गेटपर्यंत छान फुटपाथ. पुढे सहा लेनचा रस्ता, आणि कडेला गवत. दहा मिनिटांत एक गाडी आमच्या शेजारी हळू झाली. काच खाली. एक गोऱ्या काकू, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. ‘तुम्ही दोघी ठीक आहात ना? कुठे सोडू का?’

ताई त्यांना हसून ‘नो, थँक यू’ म्हणाली. मग मला म्हणाली, ‘इथे चालणारा माणूस म्हणजे एकतर कुत्रा फिरवणारा, नाहीतर गाडी बंद पडलेला.’

रात्री जिजू झोपल्यावर आम्ही किचनमध्ये बसलो. तिने ड्रायव्हिंग टेस्ट दोनदा दिली होती. पहिल्यांदा पॅरलल पार्किंगला गडबडली, दुसऱ्यांदा स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवली नाही. जिजू शिकवायला तयार असतात, शिकवतातही. पण दर रविवारच्या शिकवणीचा शेवट भांडणात होतो. (नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हा ग्लोबल नियम असावा.) माणूस वाईट नाहीये हो. हवं ते आणून देतात, नेतात, कधी कटकट नाही. मी तेच म्हटलं.

‘हो ना,’ ताई म्हणाली. ‘सगळं मिळतं गं. फक्त मागावं लागतं. अगदी केसांचं तेलसुद्धा.’

मला काही बोलता आलं नाही. न्यूयॉर्कपासून मी जे कौतुकाने मोजत आले होते, ही ट्रेन छान, ती बोट फुकट, ते सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी आठवडाभर टाइमपास म्हणून जे करत होते, ते हिने तीन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. कोणाला न सांगता घराबाहेर पडणं.

दुसऱ्या दिवशी मी बसचं वेळापत्रक शोधलं. आहे की! केटीकडून डाउनटाउनला ‘पार्क अँड राइड’ बस जाते, कामाच्या दिवशी, सकाळी तिकडे आणि संध्याकाळी इकडे. यातला विनोद असा की बसस्टॉप म्हणजे एक प्रचंड पार्किंग लॉट. बस पकडायला आधी गाडी पाहिजे! पण जिजूंनी ऑफिसला जाता जाता साडेसहाला आम्हाला तिथे सोडलं. बसमध्ये सगळे ऑफिसवाले, कानात हेडफोन, डोळे मिटलेले. ताईने आत शिरताच डावी-उजवीकडे एक नजर टाकली, आणि दुसऱ्या सेकंदाला ती खिडकीशी होती. मी तिचा फोटो काढला.

डाउनटाउनला उतरलो. उंच काचेच्या इमारती आणि फुटपाथवर जवळजवळ कोणीच नाही. माणसं गेली कुठे? खाली. रस्त्याखाली वीसेक फुटांवर सहा मैलांचे एसी बोगदे आहेत, दुकानं, खाणं, सलून, सगळं तिथे. ऑफिसच्या वेळेत उघडे, शनिवार-रविवार बंद. आम्ही उतरलो आणि समोर लंच अवरची गर्दी! आयकार्ड गळ्यात, हातात कॉफी, घाईघाईत. ताई मधोमध उभी राहून बघत बसली. कोणीतरी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून तिला धक्का देऊन गेलं. ती चक्क हसली.

मग २००४ पासून धावणाऱ्या ट्रामसारख्या ट्रेनने हरमन पार्कला गेलो. जपानी बागेत बसून घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. विशेष काही केलं नाही. परतीच्या बसची वेळ मी बघणार, तेवढ्यात ताई म्हणाली, ‘पुढची चार पंचवीसची. ही चुकली तरी मागून दुसरी आहे.’ सगळं टाइमटेबल तिने सकाळीच पाठ केलं होतं. मला पाठीमागे टाकून स्टेशनकडे ती अशी सुटली, की मला तिच्या मागे पळावं लागलं. हे तिचं चालणं मी विसरले होते.

मी परतल्यावर ती दोनदा एकटी जाऊन आली. मग जिजूंच्या ऑफिसच्या वेळा बदलल्या आणि सकाळचं सोडणं जमेना. तिसऱ्या टेस्टचं मी विचारत नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल.

पण हे नंतरचं. त्या पहाटे आई दारात उभी होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. घर छान आहे, जिजू चांगले आहेत, बदकं आहेत, हे सगळं खरं होतं आणि तरी पुरत नव्हतं. मी फोन काढला आणि बसमधला तो फोटो तिच्यासमोर धरला. आईने चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला.

‘बघ,’ ती म्हणाली. ‘तिकडे पण विंडो सीटच!’